भेगेचे कोपरे

मी एका सरकारी कार्यालयात अनुरेखक आहे. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची, हे अनुरेखकाचं काम. नोकरीला लागलो तेव्हा वर्ध्याच्या आमच्या कार्यालयात असे चौघे होतो. आता मी एकटा उरलो आहे आणि तोही नावापुरताच. नकाशे संगणकावर निघायला लागून पंधरा वर्षं होत आली. तेव्हापासून मी आवक-जावकच्या नोंदी करतो. माझ्या नोंदीत चूक निघत नाही, असं कार्यालयात म्हणतात आणि ते खरं आहे.

पुढे जे लिहितो आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातलं आहे. ते पुरतं आजवर फक्त दोघींना माहीत आहे, माझ्या बायकोला आणि माझ्या भाचीला.

आधी हाताबद्दल सांगितलं पाहिजे. मला हे काम आमच्यातल्या सगळ्यात जुन्या अनुरेखकांनी शिकवलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका मागे उभे राहून नुसतं बघायचे आणि रेघ जरा हलली की डोक्यात टपली मारायचे. "श्वास घेत घेत ओढशील तं ते हालनच. श्वास रोक. बोटं नाई, खांद्यापासून हात चालव." नकाशावरच्या समपातळीच्या रेघा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, मुळात बऱ्याच थरथरत्या यायच्या. काका म्हणायचे, "सर्व्हेवाला उन्हात उभा राहून काढते बिचारा. त्याचा हात कापते. ते कापणं आपण वर आणायचं नाई." त्या रेघांच्या बाबतीत ते चूक नव्हतं. दोन मोजलेल्या ठिकाणांच्या मधली रेघ अंदाजाचीच असते. ती गुळगुळीत काढली तर कोणाचं नुकसान होत नाही. असं मी अकरा-बारा वर्षं केलं आणि ते हातात इतकं मुरलं, की करतो आहे हेही कळेनासं झालं.

माझी बहीण आष्टीला दिली आहे. तिची मुलगी नागपूरला भूगर्भशास्त्रात संशोधन करते. त्या वर्षी मार्चमध्ये ती एका रविवारी सकाळी आमच्याकडे आली, खांद्यावर भलीमोठी कागदाची गुंडाळी घेऊन. आमच्याकडे मामानं भाचीच्या पायाला हात लावायची रीत आहे, मग ती पाळण्यातली का असेना. मी दारात वाकलो, तिनं नेहमीसारखे पाय मागे घेतले. "राहू द्या ना मामा," म्हणाली. मी हात लावलाच.

"हे काय, चटया विकून राह्यली का आता?" बायकोनं विचारलं.

"मामी, नाला आहे हा. गिरडजवळचा. गुंडाळून आणला."

तिनं ती गुंडाळी जमिनीवर उलगडली. बारा छायाचित्रं होती, एकेक माणूसभर लांब. नाल्याच्या तळाशी उघड्या पडलेल्या काळ्या दगडाचे तुकडे तिनं वरून टिपले होते आणि बोर्ड छापणाऱ्या दुकानातून खऱ्या मापाचे छापून आणले होते. दगडावर एक वीत, तर कागदावरही एक वीत. प्रत्येक तुकड्यात एक भेग होती. भेगेला आडवी जाणारी एक पांढरी शीर तिनं बोटानं दाखवली. भेगेपाशी ती शीर तुटली होती आणि बोटभर सरकून पलीकडे पुन्हा सुरू झाली होती.

"इथं दगड सरकला, मामा. मनून ही नुसती भेग नाई, भ्रंश आहे. लहानसा. असेच मोठे आहेत, मैलोनमैल. पण ते काळ्या मातीखाली गेले. दिसत नाईत. जमिनीखालचं पाणी त्यायच्यातूनच चालते."

"मग मोठे सोडून ह्या बोटभर पिल्लायले काऊन मोजतेस?"

"लहान भेग अन् मोठी भेग एकाच वळणाच्या असल्या, तं लहानीवरून मोठीचा अंदाज बांधता येईन. एकाच वळणाच्या आहेत का, तेच मोजायचं आहे."

मग तिनं मला कोड्यात टाकलं. म्हणाली, या भेगेची लांबी सांगा. मी दोरा लावला आणि एक मीटर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर सांगितली. तिनं कर्कटक घेतलं, टोकं अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवली आणि भेगेतून पावलं टाकत गेली. तिची लांबी अडीच मीटरच्या आसपास आली.

"आता कोणती खरी?"

"जी नीट मोजली ते."

"दोन्ही नीटच मोजल्या. कर्कटक अजून बारीक करा, अजून वाढन. मुंगी चालली तं तिले अजून लांब पडन."

मला ते आवडलं नाही. एका वस्तूला एकच लांबी असते, असं मानून मी आयुष्य काढलं आहे. ती हसली. "मग लांबी सोडा. वाकडेपणा मोजू." तिनं चौकोनी घरं आखलेला पारदर्शक कागद भेगेवर ठेवला. भेग किती घरांना शिवते ते मोजायचं. मग घराची बाजू अर्धी करायची आणि पुन्हा मोजायचं. सरळ रेघ असेल तर घरांची संख्या दुप्पट होते. भरलेला पट्टा असेल तर चौपट होते. वाकडी भेग मध्ये कुठेतरी येते, दुपटीहून थोडी जास्त. त्या प्रमाणावरून एक आकडा काढायचा. सरळ रेघेसाठी तो एक, पसरलेल्या पृष्ठासाठी दोन. भेगेसाठी एक पूर्णांक काहीतरी. मोठ्या घरांपासून लहान घरांपर्यंत तेच प्रमाण टिकलं, तर भेग सगळ्या मापांना सारखीच वाकडी आहे.

"म्हंजे रेघही नाई अन् चादरही नाई," बायको म्हणाली.

"बरोबर मामी. मधलंच कायतरी. त्याले फ्रॅक्टल म्हणतात."

"आमच्या घरी आहे ना एक. ना पुरा हापिसातला ना पुरा घरातला."

तिघंही हसलो. पण मला ते मोजणं मनापासून पटलं होतं. त्यात अंदाज नव्हता. घर शिवलं आहे किंवा नाही, एवढंच.

अडचण अशी होती, की संगणकाला छायाचित्रातली भेग वेगळी काढता येत नव्हती. तो गवताची काडी, सावली, बकरीच्या लेंड्या, सगळंच भेग म्हणून धरत होता. तिचे मार्गदर्शक, ज्यांना ती सर म्हणते, त्यांनी सांगितलं, की हातानं उतरवून घ्या. "साफ हात कोणाचा आहे, असं विचारलं त्यायनं. मी म्हटलं, माह्या मामाचा."

इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

मी जेवणाच्या टेबलावरची जाड काच दोन स्टुलांवर ठेवली, खाली दिवा लावला आणि कार्यालयातून आल्यावर रोज दोन-अडीच तास बसू लागलो. जुने पेन गरम पाण्यात ठेवून मोकळे केले. एकेका भेगेला तीन दिवस लागले. श्वास रोखायचा, खांद्यापासून हात चालवायचा. पहिली शीट पुरी झाली तेव्हा ती मी गुंडाळून कार्यालयात नेली, काही कारण नसताना. आमच्याकडच्या तरुण अभियंत्यानं बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "काका, हे छापलेलं आहे ना?" मी नाही म्हणालो. ते ऐकायला आणखी दोघे आले. त्या दिवशी मी आवक-जावकच्या खुर्चीत जरा ताठ बसलो होतो.

उतरवून झाल्यावर मोजणीही मीच मागून घेतली. घरांच्या बाजू पाच होत्या: आठ सेंटिमीटर, मग चार, दोन, एक आणि अर्धा. प्रत्येक मापाला मी तीनदा मोजलं आणि मोजलेल्या घरात पेन्सिलीनं टिंब दिलं. तिन्ही आकडे एक आल्याशिवाय रजिस्टरात लिहिलं नाही. पहिल्या भेगेचे आकडे मला पाठ आहेत: तेवीस, बावन्न, एकशे सतरा, दोनशे सेहेचाळीस, चारशे नव्याण्णव. सुरुवातीला सव्वादोन पट आणि शेवटी शेवटी जवळपास नेमकी दुप्पट. लहान घरांकडे येताना आकडा असा जागेवर बसत जातो, हे पाहून मला समाधान वाटलं होतं. बाराही भेगांत तसंच झालं. मी तिला फोनवर म्हणालो, "तुह्या भेगा लहान मापाले शहाण्या होतात." आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

एप्रिलच्या अखेरीस ती पुन्हा आली. चेहरा उतरला होता. सरांना माझे आकडे फार आवडले होते. भेगा एका मापाखाली सरळ होतात, लहान मापाला त्यांचा स्वभाव बदलतो, ही नवी गोष्ट हाती लागली आहे, असं ते म्हणाले होते. हे कोणी उतरवलं, असंही विचारलं आणि असा हात आता राहिला नाही, असं म्हणाले. पण याच भेगा तिनं स्वतः नाल्यात पालथं पडून, दगडावर कर्कटक चालवून मोजल्या होत्या आणि तिच्या मापात तसं काही होत नव्हतं. पाऊल लहान केलं की लांबी किती वाढते, यावरूनही तोच आकडा काढता येतो. तिच्याकडे पहिल्या भेगेचा आकडा एक पूर्णांक सतरा होता आणि मोठ्या पावलापासून लहान पावलापर्यंत टिकून होता. माझ्याकडे तो एक पूर्णांक अकरा होता. फरक सहा शतांशांचा. बाहेरच्या माणसाला तो काहीच वाटणार नाही.

"सर म्हणे, एका बाजूले जाणत्या माणसाचं काम, तीन-तीनदा मोजलेलं. दुसऱ्या बाजूले तू एकटी, उन्हात, थकलेली. माह्याच हाताचं चुकलं असन, मामा. परत जाऊन मोजतो."

मी "हो" म्हणालो.

दुपारी जेवून ती आडवी झाली तेव्हा मी पहिली शीट काढली, छायाचित्र खाली, माझा कागद वर, आणि भिंग घेऊन बसलो. तिच्यावर संशय होता म्हणून नव्हे. मला माझंच काम पुन्हा एकदा पाहायचं होतं, त्याचं कौतुक झालं होतं म्हणून.

छायाचित्रातली भेग पायऱ्यापायऱ्यांनी जात होती. उजवीकडे एक बारीक दात, मग मागे, मग खाली, मग पुन्हा दात. माझी रेघ त्या सगळ्यांच्या मधून संथ गेली होती. एका वितीच्या अंतरात मी कोपरे मोजले. छायाचित्रात एकतीस होते. माझ्या रेघेत नऊ. मी दुसरी शीट काढली, मग सातवी. तेच. यातला एकही कोपरा मुद्दाम गाळल्याचं मला आठवत नव्हतं. दगडाचं कापणं माझ्या हातानं सर्व्हेवाल्याचं कापणं समजून पुसून टाकलं होतं. लहान मापाला बदलणारा जो स्वभाव दगडाचा म्हणून लिहिला जाणार होता, तो माझ्या हाताचा होता. मी घरं तीनदा मोजली होती आणि प्रत्येक वेळी खोटी रेघ बरोबर मोजली होती.

एवढ्यापर्यंत लाज वाटावी असं काही नव्हतं. चूक होती, सांगितली असती तर एका संध्याकाळचा प्रश्न होता. ती आतल्या खोलीत झोपली होती, मधे फक्त पडदा होता. मी शीटा गुंडाळल्या, भिंग कपाटात ठेवलं आणि चहा टाकला. ती उठून आली तेव्हा मी तिला विचारलं, "साखर किती?"

का सांगितलं नाही, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. कार्यालयात शीट दाखवली होती. सरांनी हाताचं कौतुक केलं होतं. मला वाटलं, ती पुन्हा मोजेल, तिचेच आकडे पुन्हा येतील आणि सर आपोआप ते मान्य करतील, म्हणजे माझं नाव न येता सगळं जागेवर येईल. ही कारणं खरी आहेत. पण त्यांची बेरीज केली तरी पुढे एका सकाळी नाल्यात मी जे केलं ते त्यांतून निघत नाही.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. बहिणीचा आष्टीवरून फोन आला. "पोट्टी एकटी उन्हात जाऊन राह्यली. तू जातं का संगं? तू असला का मले घोर नाई." मी रजा टाकली. पहाटे पाचला गाडीवर निघालो, समुद्रपूर मागे टाकून गिरडच्या अलीकडे वळलो आणि ऊन चढायच्या आत नाल्यात उतरलो. दगड रात्रभरात थंड झालेला होता, पण आठ वाजता त्याच्यावर तळहात टेकवेना. ती गुडघ्यांखाली गोणपाट घालून पालथी झाली आणि मी तिच्यावर छत्री धरून उभा राहिलो.

वरून एक म्हातारी बकऱ्या हाकत आली आणि काठीवर हनुवटी टेकवून पाहत उभी राहिली.

"काय हरपलं वो बाई? कानातलं का?"

"नाई आजी. भेग मोजून राह्यली."

"भेगेले काय मोजतं? चार सरी आल्या का मिटते ते."

"मातीची मिटते. दगडाची नाई मिटत."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "अन् हे कोन?"

"मामा माह्ये."

"भाचीले उन्हात पाडून मामा छत्रीत! उलटंच आहे बाप्पा तुमचं." छत्री भाचीवर होती, पण उभा होतो म्हणून सावली माझ्याही डोक्यावर पडली होती. भाची खूप हसली. मीही हसलो.

म्हातारी गेल्यावर ती पुन्हा कामाला लागली आणि एका जागी थांबली. भेगेला बाजूला एक दात होता, त्यात माती भरलेली. तिनं ती दाभणानं उकरली, फुंकर मारली.

"मामा, हे पहा ना. हा भेगेचाच कोपरा आहे, का काठ तुटला मागून? पह्यल्या वेळेस मी धरला होता. आता भरोसा वाटत नाई."

मी वाकून पाहिलं. पाहायची गरज नव्हती. तो कोपरा मी भिंगाखाली पाहिला होता. त्याच्या दोन्ही कडा जुळत होत्या, तो भेगेचाच होता.

"तुटलेला काठ दिसते," मी म्हणालो. "सोड."

तिनं सोडला. कर्कटकाचं टोक सरळ पुढे टाकलं. थोड्या अंतरावर पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हणालो, सोड. मग तिला विचारायची सवयच लागली. ती नुसती मान वर करायची आणि मी मान हलवायचो. मला मोजायची खोड आहे, ती तिथेही सुटली नाही. अकरा वाजेपर्यंत मी चौदा कोपरे सोडायला लावले. तिच्या कोपरांची कातडी सोलली होती. परत येताना रस्त्यात ती मागून म्हणाली, "मामा, तुम्ही होते मनून बरं झालं. नाई तं मी परत तेच केलं असतं."

त्या, म्हणजे पहिल्या, भेगेचा नवा आकडा एक पूर्णांक बारा आला. माझ्या आकड्याशी जुळला म्हटलं तरी चाललं असतं. बाकीच्या भेगा तिनं पुढच्या दोन फेऱ्यांत एकटीनं जाऊन मोजल्या आणि कोपरे सोडायला ती आता माझ्याविनाही शिकली होती.

मेच्या अखेरीस तिनं प्रबंधातलं या भेगांचं प्रकरण टाईप केलं आणि नागपूरला जाण्याआधी मला आणून दिलं. "आकडे तेवढे पाहून द्या मामा. तुमची नजर गेली का मले चिंता नाई." रविवार होता, तिची गाडी साडेतीनची होती. मी पेन्सिल घेऊन बसलो. तक्ते बरोबर होते. दशांश बरोबर होते. सहाव्या पानावर खालच्या बाजूला लिहिलं होतं, की संशोधिकेनं सुरुवातीला प्रत्यक्ष दगडावर घेतलेली मापं निरीक्षणातल्या चुकीमुळे रद्द केली आहेत आणि ही चूक संशोधिकेच्या अननुभवामुळे झाली.

त्या ओळीत आकडा नव्हता. मी पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि सातवं पान उलटलं.

सातव्या पानावर मला काही दिसेना. आकडे दिसत होते, पण वाचता येत नव्हते. माझ्या नोंदीत चूक निघत नाही, याचा मला फार अभिमान होता. सहाव्या पानावर ती माझी खूण होती.

तीन वाजले. ती पाठीवर पिशवी लावून दारात आली. निघतानाही पायाला हात लावायची रीत आहे. मी वाकलो, हात लावला आणि वर उठलो नाही. खाली पाहूनच म्हणालो, "तुह्यं पह्यलं माप बरोबर होतं. माह्यी रेघ चुकली."

तिनं पाय मागे घेतले. "काय म्हणून राह्यले?"

"मी कोपरे खाल्ले. हातानं गेले. भिंगातून पाह्यलं मी."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"मामा, हे पायाले हात लावणं रीतीचं आहे का माफीचं?"

"माफीचं."

"मग उठा. माफी उभ्यानं मागा."

मी उठलो. तिच्याकडे पाहून सांगितलं. भिंग कधी काढलं ते सांगितलं, चहाचं सांगितलं. तिनं मधेच विचारलं, "नाल्यात गेलतो तेव्हा माहीत होतं तुम्हाले?"

"होतं."

"तो पह्यला कोपरा?"

"भेगेचाच होता. चौदाही भेगेचेच होते."

"चौदा!" ती म्हणाली. "मोजले का तुम्ही?"

तिनं पिशवी उतरवली. गाडी गेली. ती शीटा काढून टेबलाच्या काचेपाशी बसली, भिंग मागून घेतलं आणि पहिल्या भेगेवरून टोकापासून टोकापर्यंत गेली. मी बाजूला उभा होतो. बायको दाराशी येऊन, माझ्याकडे पाहून पुन्हा आत गेली. शेवटी भाचीनं भिंग खाली ठेवलं.

"रेघ चुकली त्याचं मले काहीच नाई, मामा. ते तर समजून येते. तुमचा हातच तसा घडला. पण एक महिना झाला, मले वाटून राह्यलं का मले दिसतच नाई बरोबर. समोर कोपरा दिसते अन् मी स्वतःले म्हणतो, नाई, नसन. दगड माह्या डोळ्यापुढे होता अन् मी तुमच्या मानेकडे पाहून राह्यली होती."

मी म्हणालो, "सरायले मी येऊन सांगतो."

"नको. माह्यं काम आहे, मीच सांगीन."

तिनं सांगितलं. काय शब्दांत, ते मला माहीत नाही. बायकोला बहिणीकडून एवढंच कळलं, की जूनमध्ये पुण्याला एका परिषदेत तिला हे वाचायचं होतं ते रद्द झालं आणि प्रकरण सहा महिने मागे पडलं. बहिणीला तिनं कारण सांगितलेलं नाही. बहीण अजूनही मला म्हणते, तू होता मनून पोरीचं निभलं. दरवेळी मी विषय बदलतो.

पावसाळ्यात नाल्याला पाणी होतं, तेव्हा तिनं बाराही भेगा छायाचित्रांवरून स्वतः उतरवल्या. दिवाळीनंतर नाला आटल्यावर त्या दगडावर नव्यानं मोजल्या. मला बोलावलं नाही. मीही येतो म्हणालो नाही.

डिसेंबरमध्ये एका रविवारी ती शीटा घेऊन आली. तिच्या रेघा पाहिल्या. जाड-बारीक झालेल्या, दोन-तीन ठिकाणी शाईचे ठिपके, एका ठिकाणी ब्लेडनं खरवडून कागद पातळ झालेला. आमच्या कार्यालयात अशी शीट कोणी घेतली नसती. सगळे कोपरे होते.

"घरं मोजून देता का?" तिनं विचारलं. "तुम्हाले वेळ असन तं."

मी पहिली शीट घेतली. पाचही मापांना तीनदा मोजलं, टिंबं दिली, तिन्ही आकडे जुळल्यावर कागदावर लिहिले आणि कागद तिच्यापुढे सरकवला. या वेळी संख्या लहान घरांपर्यंत सव्वादोन पटीनं वाढत गेली होती. तिनं आकडे वाचले, कागद उलटा घालून ठेवला. मग खोडरबर घेऊन माझी टिंबं पुसली, घरांचा कागद पुन्हा भेगेवर बसवला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली आणि पहिल्या घरापासून मोजायला लागली.

मी समोरच बसलो होतो. उठून आत जाता आलं असतं. पण ती ओठ हलवत मोजत होती आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तर तिचा आकडा चुकेल असं वाटलं, म्हणून बसून राहिलो. अर्ध्या सेंटिमीटरच्या घरांना तिला पाऊण तास लागला. मधे एकदा चुकली, पुन्हा सुरुवातीपासून गेली. संपल्यावर तिनं तिचा आकडा तिच्या वहीत लिहिला. माझा कागद सुलटा करून शेजारी ठेवला, दोन्हींकडे एकदा पाहिलं आणि वही मिटली. जुळलं की नाही ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिनं दुसरी शीट माझ्यापुढे पसरली.